पंपाची केसिंग, डेबिट नोट आणि अकरा वर्षांची ओळख

प्रश्न : आमची शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे. महिन्याला ७० टन ग्रे आयर्न कास्टिंग (ओतीव लोखंडाचा माल) निघतं, त्यातलं ४५ टन पुण्याजवळच्या एकाच पंप कंपनीला जातं. अकरा वर्षांचं गिऱ्हाईक आहे. वर्षापूर्वी त्यांचे पर्चेसचे जुने साहेब निवृत्त झाले आणि तिथून बिघडत गेलं. १८ किलोच्या एका केसिंगवर (पंपाचं बाहेरचं कवच; एफजी २०० प्रतीचं ओतीव लोखंड, महिना ४०० नग, दर किलोला १०५ रुपये) मशिनिंगनंतर ब्लोहोल (आतले पोकळ खड्डे) उघडले म्हणून सहा टक्के रिजेक्शन दाखवतात. कास्टिंगची किंमत तर कापतातच, वर नगामागे ४२० रुपये मशिनिंगचेही कापतात. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) पेमेंटला ६० दिवस लिहिलंय, पैसे १०० दिवसांनी येतात. त्यात ४ टक्के दर कमी करा म्हणतात. आणि कागलकडच्या एका फौंड्रीत ह्याच केसिंगचा दुसरा पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) तयार झाल्याचं कानावर आलंय. वडील म्हणतात, संबंध जपायचे, गप्प बस. मला वाटतं सरळ वकिलाची नोटीस पाठवावी. काय करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नोटीस आत्ता पाठवू नका, आणि गप्पही बसू नका. तुमच्या पत्रात चार तक्रारी आहेत, पण त्या एका वजनाच्या नाहीत. पेमेंटमध्ये ते चुकतात. रिजेक्शनमध्ये बहुतेक तुम्ही चुकता. दर आणि दुसरी फौंड्री ह्या दोन गोष्टी त्या पहिल्या दोन्हींतून निघालेल्या आहेत. नोटीस गेली की चारही एका गाठोड्यात बांधली जातात, आणि पंप कंपनी सगळ्यांत आधी रिजेक्शनचे कागद काढून टेबलावर ठेवते. म्हणून सुरुवात तिथूनच करायची.

केसिंगचा हिशेब आधी मांडू. ४०० नगांचे सहा टक्के म्हणजे २४ नग. कास्टिंगचे नगामागे १,८९० आणि मशिनिंगचे ४२० मिळून महिन्याला ५५,४४० रुपये जातात, जीएसटी सोडून. तुम्हाला राग आहे तो मशिनिंगच्या कापणीचा, पण ती ह्यात फक्त १०,०८० रुपयांची आहे. हेच रिजेक्शन दोन टक्क्यांवर आलं आणि मशिनिंग त्यांनी सोसलं, तर तुमचे जातील १५,१२० रुपये. म्हणजे भांडून फार तर दहा हजार वाचतात आणि वाळू आणि कोअर (आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) नीट करून तीस हजार.

आता हे ‘ब्लोहोल’ म्हणजे नेमकं काय, ते आधी ठरवा. मशीन शॉपमध्ये कास्टिंगमध्ये दिसलेल्या प्रत्येक खड्ड्याला ब्लोहोल म्हणतात आणि डेबिट नोटवर (कापलेल्या पैशांच्या कागदावर) तेच छापून येतं. आतून गुळगुळीत, चकचकीत भिंतीचा गोल खड्डा असेल, कातडीखाली एक-दोन मिलिमीटर कट घेतल्यावर उघडत असेल, तर तो वायूचा. आत वाळूचे कण दिसत असतील आणि कडा वेड्यावाकड्या असतील, तर वाळू सुटून आत गेलेली आहे. जाड-पातळ भाग जिथे मिळतात तिथे खरखरीत, स्पंजासारखी पोकळी असेल, तर ते श्रिंकेज, म्हणजे धातू थिजताना आकसल्याने झालेलं. ह्या तिघांची औषधं वेगळी आहेत. श्रिंकेजवर वाळूतलं पाणी कमी करून काही होत नाही, आणि कोअरमधला वायू रायझर (आकसणाऱ्या धातूला भर पुरवणारा जादा साठा) वाढवून जात नाही.

आठवड्यातला एक दिवस ठरवून त्यांच्या मशीन शॉपमध्ये तुमचा माणूस आणि त्यांचा क्वालिटीचा माणूस मिळून नाकारलेले नग बघू द्या. प्रत्येक नगाचा खड्डा ड्रॉइंगच्या झेरॉक्सवर त्याच जागी फुलीने दाखवायचा, शेजारी हीट नंबर (भट्टीच्या कुठल्या खेपेतला नग, तो नंबर) लिहायचा. तीन-चार आठवड्यांत चित्र बोलायला लागतं. फुल्या एकाच जागी गर्दी करत असतील तर फीडिंगचा (थिजताना धातू पुरवण्याचा) किंवा व्हेंटचा (वायू बाहेर जायच्या वाटेचा) प्रश्न. केसिंगमध्ये तर आधी आतल्या कोअरकडे बघा : कोअर प्रिंटमधला (कोअर साच्यात टेकतो त्या टोकाचा) व्हेंट वाळूने बुजला की वायूला वाट राहत नाही आणि तो धातूत शिरतो. फुल्या सगळीकडे विखुरल्या असतील तर वाळूतला ओलावा तपासा, ग्रीन सँडला (साच्याच्या ओल्या वाळूला) तो तीन ते चार टक्क्यांच्या आत हवा. कोअर सिलिकेट-सीओटूचे असतील तर ते हवेतली ओल ओढतात, पावसाळ्यात दोन-तीन दिवस रॅकवर पडलेले कोअर वापरणं म्हणजे ब्लोहोलला आमंत्रण. आणि नाकारलेले नग एकेका लॅडलच्या (धातू ओतायच्या भांड्याच्या) शेवटच्या बॉक्सांतलेच (साच्यांतलेच) निघत असतील, तर दोष तापमानाचा. २५० किलोच्या लॅडलमधून गेटिंग (धातू आत जायच्या वाटा) आणि रायझर धरून २८ किलोचे आठ-नऊ बॉक्स भरतात. पहिला बॉक्स १,४०० अंशांना ओतला तरी शेवटचा कितीला गेला, हे डिप थर्मोकपल बुडवल्याशिवाय कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

हे सगळं हीट नंबरावर उभं आहे. पॅटर्नवर बदलता येणारी तारीख-हीटची पट्टी नसेल तर ती ह्याच आठवड्यात बसवा, काही शे रुपयांचं काम आहे. नंबर नसलेल्या कास्टिंगवर दोन्ही बाजूंनी फक्त आवाज चढवता येतो.

मिळून बघण्याचा दुसरा फायदा असा, की त्यांच्याकडची चूकही त्याच टेबलावर दिसते. कास्टिंग फिक्स्चरमध्ये वाकडं धरलं, मशिनिंगसाठी ठेवलेल्या तीन मिलिमीटर अलाउन्सच्या जागी एका बाजूने पाच काढले, की एरवी कधीच उघडली नसती अशी बारीक पोकळी उघडते. टूल आदळून फुटलेली फ्लँजही महिनाअखेरीला ‘कास्टिंग रिजेक्शन’च्या ढिगात जाऊन बसते. मात्र हे दाखवताना तुमची यादी आधी द्या, मग त्यांची मागा. उलट केलंत तर दुसऱ्या आठवड्यापासून दार बंद.

महिनाभराचं चित्र हातात आलं की डेबिट नोटचे नियम एका पानावर लिहून घ्या. आमच्या मते केसिंगसारख्या नगाला इतकं पुरेसं आहे : दोन टक्क्यांपर्यंत फक्त कास्टिंगची किंमत, दोन ते चार टक्क्यांना मशिनिंगचा निम्मा खर्च, चारच्या वर पूर्ण. दोष पहिल्याच ऑपरेशनला दिसत असेल आणि तरी पुढची दोन ऑपरेशनं केली असतील, तर मशिनिंग पहिल्याचंच धरायचं. नग परत मिळाल्याशिवाय डेबिट नोट मान्य नाही. दावा माल पोचल्यापासून ३० दिवसांत. ह्या नियमांनी आजच्या सहा टक्क्यांवर तुमचे महिन्याला फक्त ५,०४० रुपये वाचतात, हे आधीच सांगून ठेवतो. पण उद्या किती कापलं जाणार हे दोघांनाही आज माहीत असतं, आणि डेबिट नोट आली की अपमान झाल्यासारखं वाटत नाही. परत आलेले नग भट्टीतच जातात, तेव्हा त्या चारेकशे किलो धातूची किंमतही तुमच्या हिशेबात जमेला धरा. एक तांत्रिक गोष्ट : जीएसटी कमी व्हायचा तर क्रेडिट नोट (बिलातली रक्कम कमी केल्याचा कागद) तुम्हाला काढावी लागते. नुसत्या त्यांच्या डेबिट नोटने तुमचा कर कमी होत नाही. आणि आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत तुमची क्रेडिट नोट रिटर्नमध्ये गेली नाही, तर तो कर तुमच्या अंगावर राहतो. मागच्या पाच-सहा महिन्यांच्या डेबिट नोटा फाइलला तशाच पडल्या असतील, तर सीएकडून आधी ते बघून घ्या.

आता मुळाशी येऊ. खरेदीदार आणि पुरवठादाराचं नातं कशाने टिकतं म्हणाल, तर वाईट बातमी किती लवकर आणि किती खरी पोचते ह्याने. दर, ओळख, दिवाळीचा डबा हे सगळं त्याच्या मागून. भट्टीची कॉइल गेली, वीज आठ तास नव्हती, मोल्डर गावाकडच्या जत्रेला गेले, हे कुठल्याही फौंड्रीत होतं आणि पर्चेसवाल्यांना ते ठाऊक असतं. ते चिडतात ते ‘उद्या गाडी लावतो’ ह्या वाक्यावर. कारण त्या वाक्यावर विसंबून त्यांनी असेंब्लीला माणसं बोलावलेली असतात, मोटर आणि इंपेलर काढून ठेवलेले असतात. उद्या गाडी आली नाही की शिव्या पर्चेसवाल्याला बसतात. असं दोनदा झालं की तो दुसरी फौंड्री शोधतो, आणि त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही शोधली असती.

म्हणून भट्टी बंद पडली तर तासाभरात फोन, आणि फोनवर आकडा : ‘शनिवारी १२० येतील, उरलेले ८० मंगळवारी.’ नुसतं ‘थोडा उशीर होईल’ ह्याचा समोरच्याला काही उपयोग नाही. केसिंगचे दोन-तीन दिवसांचे फेटलिंग (घासून साफ करणं) झालेले नग तुमच्याकडे कायम शिल्लक ठेवा. महिना ४०० ला पन्नासेक नग झाले, त्यात अडकतात लाखाच्या आतले पैसे.

हाच नियम त्यांनाही लागू. त्यांच्याकडून दर महिन्याच्या २५ तारखेपर्यंत पुढच्या महिन्याचं पक्कं शेड्यूल आणि त्यापुढच्या दोन महिन्यांचा अंदाज मागा. त्यात पहिले १५ दिवस बदलायचे नाहीत असं ठरवा. ‘अर्जंट’ म्हणून मधेच दुसरा पॅटर्न चढवायला लावला की अर्ध्या पाळीचं मोल्डिंग जातं आणि घाईचे कोअर ओले जातात. त्या आठवड्याचं रिजेक्शन वेगळं काढून त्यांना दाखवा. बऱ्याचदा सहा टक्क्यांतला एखादा टक्का त्यांच्याच शेड्यूलने केलेला निघतो.

पेमेंट. इथे कायदा तुमच्या बाजूला आहे, आणि तो नोटिशीशिवायही वापरता येतो. महिना ७० टनांवर तुमची उलाढाल वर्षाला नऊ कोटींच्या आत आहे, तेव्हा तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योगातच बसता. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर नंबर प्रत्येक बिलावर छापा. नसेल तर पुढची गाडी जाण्याआधी करून घ्या, ऑनलाइन होते आणि फी नाही. एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म-लघु पुरवठादाराला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. करारच नसेल तर १५ दिवसांत. पीओवरचे ६० दिवस त्यांना वाचवत नाहीत. दिवस मोजायचे माल पोचल्या तारखेपासून. त्या तारखेपासून १५ दिवसांत त्यांनी लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरतात. म्हणजे तीन महिन्यांनी निघालेली डेबिट नोट दाखवून जुन्या बिलाचं पेमेंट अडवता येत नाही. ती डेबिट नोट खरी असू शकते, पण तिचा हिशेब वेगळा. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ, व्याज देय होतं, आणि ते व्याज त्यांना आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही.

त्यांच्या अकाउंट्सना सगळ्यांत जास्त टोचते ती आयकराची तरतूद, जिला सगळे ‘४३ बी एच’ म्हणतात. २०२३-२४ पासून सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे ह्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षीच धरला जातो. ३१ मार्चला तुमची मोठी बाकी मुदत उलटून राहिली असेल, तर त्या रकमेवर त्यांचा नफा वाढलेला दिसतो आणि कर भरावा लागतो. ती प्रायव्हेट किंवा पब्लिक लिमिटेड कंपनी असेल, तर ४५ दिवसांवरची थकबाकी त्यांना दर सहा महिन्यांनी कंपनी मंत्रालयाकडे एमएसएमई-१ फॉर्ममध्ये कळवावी लागते. आणि उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर ट्रेड्सवर (बिलांवर बँकांकडून आधी पैसे मिळायच्या ऑनलाइन मंचावर) नोंदणी सक्तीची आहे. तिथे त्यांनी तुमचं बिल मान्य केलं की बँक तुम्हाला थोडी सूट कापून लगेच पैसे देते, आणि पुढे त्यांनी बँकेला बुडवलं तरी बँक तुमच्या मागे लागत नाही.

ह्यातलं काहीही धमकी म्हणून बोलू नका. दर महिन्याच्या ५ तारखेला अकाउंट्सना खातेउतारा पाठवा : बिल नंबर, माल पोचल्याची तारीख, जीआरएन (त्यांच्याकडच्या माल मिळाल्याच्या नोंदीचा) नंबर, ४५ वा दिवस कोणता, आज कितवा. खाली उद्यम नंबर. मान्य नसलेल्या रकमा वेगळ्या दाखवून बाकीच्यांची लेखी कबुली घ्या. बऱ्याच ठिकाणी उशीर मुद्दाम केलेला नसतोच. जीआरएन स्टोअरमध्ये अडकलेलं असतं, किंवा बिलावरचं वजन आणि त्यांच्या काट्यावरचं वजन जुळत नाही म्हणून बिल कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं. दोन-तीन महिने उतारा पाठवूनही हललं नाही, तर पर्चेस आणि फायनान्स दोन्ही प्रमुखांना एकच पत्र. त्याच्याही पुढे फॅसिलिटेशन कौन्सिल (थकबाकीचे असे वाद सोडवणारी सरकारी समिती) आहेच. तिच्या निवाड्याला कोर्टात आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. हत्यार चांगलं आहे, पण ते काढलं की त्या गेटमधून पुन्हा आत जाणं कठीण. गिऱ्हाईक सोडायचं ठरलं असेल तेव्हाच काढा.

चार टक्क्यांच्या मागणीला मात्र ह्याच उताऱ्यातून उत्तर निघतं. ४५ टनांचे महिन्याला ४७.२५ लाख. पैसे ४५ ऐवजी १०० व्या दिवशी येतात, म्हणजे ५५ दिवसांचे सुमारे ८६ लाख कायम त्यांच्याकडे अडकलेले. तुमची सीसी (बँकेचं कॅश क्रेडिट) दहा टक्क्यांची धरली तर वर्षाला साडेआठ लाखांच्या वर व्याज, किलोला १ रुपया ६० पैसे, म्हणजे दराच्या दीड टक्का. त्यांना सांगा : ४५ दिवसांत पैसे द्या, दीड टक्का आम्ही आजच देतो. ह्यावर पर्चेसवाला विचार करतो, कारण त्याला त्याच्या साहेबांना आकडा दाखवायचा असतो.

उरलेल्यासाठी धातूचं सूत्र ठरवा. पिग आयर्न, स्क्रॅप आणि फेरो-सिलिकॉन तुमच्या चार्जमध्ये (भट्टीत टाकायच्या मालात) ज्या प्रमाणात जातात त्या प्रमाणात एक किलोची किंमत काढायची, वितळताना होणारी पाच टक्के घट धरायची, आणि दर तिमाहीला ठरलेल्या महिन्याशी तुलना करून फरक द्यायचा किंवा घ्यायचा. धातू ४५ वरून ४२ ला आला तर ३ गुणिले १.०५, म्हणजे किलोला ३ रुपये १५ पैसे तुम्ही स्वतःहून कमी करायचे. इथे कोल्हापुरातल्या बऱ्याच फौंड्र्या घसरतात : भाव चढला की आठवड्यात पत्र जातं, उतरला की चार महिने कुणाला आठवत नाही. समोरच्याकडे भाव रोज मोबाइलवर येतात. तो बोलत नाही, पुढच्या वेळी चार टक्के मागतो.

आणि वजन बघा. तुमची विक्री किलोवर आहे. पुढच्या लॉटमधले वीस नग काट्यावर ठेवा. रॅमिंग सैल असलं की ओतताना मोल्ड फुगतो आणि १८ ची केसिंग १८.६ भरते. हे ६०० ग्रॅम म्हणजे नगामागे ६३ रुपये, सव्वातीन टक्क्यांच्या वर. त्यांना तो धातू नको आहे. वर तो काढायला टूल झिजतं, पण पैसे तेच देतात. मागणी नेमकी चार टक्क्यांची का आली, ह्याचं उत्तर कदाचित तुमच्याच काट्यावर आहे. मंजूर नमुन्याच्या वजनापेक्षा दोन टक्के जास्तीपर्यंतच बिल, त्याच्या वरचं तुमच्या खात्यावर, असं लिहून द्या.

कागलचा पॅटर्न हा विश्वासघात वगैरे नाही. सहा टक्के रिजेक्शन असलेल्या नगाला एकच फौंड्री ठेवणारा पर्चेसवाला नोकरीत फार टिकत नाही. चिंता करायची तर दुसऱ्या आकड्याची करा : ७० पैकी ४५ टन, म्हणजे ६४ टक्के एका दाराशी. ज्याला ‘नाही’ म्हणणं परवडत नाही, त्याच्या ‘हो’ला किंमत राहत नाही. दोन वर्षांत हे एकूण मालाच्या निम्म्यावर आणायचं मनाशी ठरवा, त्यांचं काम कमी करून नाही, दुसरी कामं मिळवून. तुमच्याकडे असलेल्या पॅटर्नची एक वही करा : नंबर, पैसे कोणी भरले, किती बॉक्स झाले, झीज कुठे आहे. ज्याचे पैसे त्यांनी भरले तो पॅटर्न त्यांचा. पेमेंटसाठी तो अडवून धरायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच, ऐकू नका.

वडिलांचं गप्प बसणं चूक असलं तरी त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. त्यांचा संबंध एका माणसाशी होता, तो निवृत्त झाला आणि संबंधही त्याच्यासोबत गेला. आता पर्चेसच्या एका खुर्चीवर न थांबता क्वालिटी, स्टोअर आणि अकाउंट्स अशा तिन्ही ठिकाणी तुमच्या फौंड्रीतल्या कुणाचं तरी नाव ओळखीचं व्हायला हवं. वडिलांना त्या आठवड्याच्या पाहणीला घेऊन जा. खड्ड्याची भिंत बघून वायू की वाळू हे सांगणारा डोळा त्यांच्याकडे असेल, आणि समोरच्या तरुण इंजिनिअरला तो हवाच असतो.

बैठक मागण्याआधी तीन कागद तयार ठेवा : चार आठवड्यांच्या फुल्यांची ड्रॉइंग, खातेउतारा, वीस नगांची वजनं. टेबलावर ठेवताना क्रम उलटा ठेवा. वजनं पहिली. केसिंग १८.६ भरते हे त्यांनी विचारायच्या आधी तुमच्या तोंडून गेलं, की मग १०० दिवसांचा उतारा पुढे सरकवायला आवाज चढवावा लागणार नाही.